हिल्काला आधी दिसायचं

पहिल्याच दिवशी, जेवणाच्या सुट्टीपर्यंत, हिल्का सालमेलानं एक्केचाळीस माणसं मेलेली मोजली. एकोणीस गोळीनं, अकरा बॉम्बनं, तिघं सुऱ्यानं, एक बाई उशीखाली गुदमरून. उरलेली सात बातम्यांमधली होती, ती कशानं मेली ते निवेदकानं सांगितलंच नाही. गुरुवार होता, म्हणजे विद्यापीठाच्या खानावळीत वाटाण्याचं सूप आणि मागून जॅम लावलेला पॅनकेक. हिल्कानं दोन्ही चाटूनपुसून खाल्लं.

"तुला घास उतरतो तरी कसा गं?" समोर बसलेली ओर्वोक्की म्हणाली. "माझ्या डोळ्यांसमोरून तो बिनमुंडक्याचा माणूस हलत नाहीये."

"वाटाणे चांगले शिजलेत," हिल्का म्हणाली.

ओर्वोक्की आधी टेलिफोन एक्स्चेंजमध्ये होती. बत्तीस वर्षं तिनं लोकांचे फोन जोडून दिले आणि यंत्र आल्यावर एका पत्रानिशी घरी बसली. हिल्काचंही तेच. ताम्पेरे शहरातल्या कापडगिरणीत ती सव्वीस वर्षं तपासनीस होती. खालून उजेड सोडलेल्या काचेवरून तागेच्या तागे सरकत जायचे आणि विणीत दोष दिसला की हिल्का किनारीला लाल दोरा बांधायची. तिचा हातखंडा असा की भोक पडायच्या आधीच ती दोरा बांधून मोकळी व्हायची. विणकर चिडायचे. "अगं बाई, कापड अखंड आहे, डोळे फुटले का तुझे?" हिल्का वाद घालायची नाही. तिसऱ्या धुण्याला कापड नेमकं तिथंच फाटायचं. पुढे पुढे विणकरांनी चिडणं सोडलं.

मग ते त्र्याण्णव साल आलं. त्या वर्षी फिनलंडात ज्याला त्याला घरी बसवण्याची साथच आली होती. गिरणी बंद पडली आणि रोजगार कचेरीनं हिल्काला सहा महिन्यांसाठी विद्यापीठात धाडलं. तिथं मार्युत नावाची तिशीतली संशोधक होती, हुशार, कायम नखं कुरतडणारी. आजच्या समाजात प्रसारमाध्यमं काय करतात, हा तिचा विषय. तिनं तिन्ही वाहिन्यांचा अख्खा आठवडा कॅसेटींवर उतरवून घेतला होता. बातम्या, सिनेमे, मालिका, पोरांची कार्टून्स, सगळं. आता मिनिटामिनिटानं ते बघायचं आणि तक्त्यात लिहायचं: किती वाजता, कोणी कोणाला मारलं, कशानं मारलं, रक्त दिसलं का. हे लिहायला तिघीजणी. हिल्का, ओर्वोक्की आणि पीया नावाची एक विद्यार्थिनी, जिचे केस दर सोमवारी वेगळ्या रंगाचे असत.

मार्युतनं नियम वाचून दाखवला. "हिंसा म्हणजे एकानं दुसऱ्याच्या शरीराला जाणूनबुजून केलेली इजा, किंवा तशी उघड धमकी."

"आणि त्याच्या आधीचं?" हिल्कानं विचारलं.

"आधीचं काय?"

"काही नाही," हिल्का म्हणाली आणि तिनं पेन्सिलीला टोक काढायला घेतलं.

हिल्काच्या नवऱ्याला, काउको सालमेलाला, अख्खी चाळ देवमाणूस म्हणत असे, हे आधीच सांगून टाकलेलं बरं. दारूच्या थेंबाला शिवत नसे. तळमजल्यावरच्या म्हाताऱ्याची होडी दर वसंतात तो एकटा पाण्यात उतरवून द्यायचा. आवाज कधी चढला नाही. शेजारणी आपापल्या झिंगलेल्या नवऱ्यांना ऐकू जाईल असं म्हणत, "सालमेलाकडे बघा जरा!" तोही यंत्रशाळेतून कमी झालेला, दिवसभर घरीच. हिल्का साडेचारला परतली की त्यानं बटाटे सोलून ठेवलेले असत. सोललेले बटाटे मोजून ठेवलेले असत, आणि तिला यायला दहा मिनिटं उशीर झाला तर त्याला कारण हवं असे.

तो मारायचा तो असा. आधी अगदी हळू आवाजात काहीतरी विचारायचा. मीठ कुठंय. कोण भेटलं. मग डोळ्यांवरचा चष्मा काढायचा, फडक्यानं पुसायचा, डबीत ठेवायचा, डबी मिटायचा. टक्. मग न्हाणीघरात जाऊन टॉवेल ओला करून, पिळून, त्याचा दोरीसारखा वेठ करून आणायचा. चेहऱ्याला कधी लावला नाही. पाठ, बरगड्या, मांड्या, पोटाची कड. मारताना तोंडातून शब्द नाही, धाप तेवढी. झालं की टॉवेल दोरीवर वाळत घालायचा, चिमटे लावून. अकरा वर्षं असंच चाललं होतं, आणि त्या अकरा वर्षांत हिल्का एकदाही बायकांबरोबर सौनात, म्हणजे उघड्या अंगानं बसायच्या वाफेच्या खोलीत, गेली नव्हती. गिरणीच्या बायकांनी बोलावलं, भावजयीनं बोलावलं, दर वेळी तिनं रक्तदाब पुढे केला. आमच्याकडे माणूस एकवेळ चर्चमध्ये गेला नाही तरी चालतं, पण सौनात येत नाही म्हणजे काहीतरी लपवतोय. लोकांना ते कळत होतं. लोकांनी विचारलं नाही. विचारणं वाईट दिसतं ना!

पण त्या अकरा वर्षांनी हिल्काला एक गोष्ट शिकवली होती. डबी वाजली की तिच्या हाती अर्धं मिनिट असे. तेवढ्यात ती चुलीवरचं उकळतं भांडं मागे सारायची, सुरी खणात टाकायची, भिंतीला पाठ लावायची आणि कोपरं पोटाशी घ्यायची. तेवढ्यानं हाडं वाचायची.

दर शुक्रवारी मार्युत तिघींना एकच कॅसेट दाखवायची. तिघी तीन कोपऱ्यांत, एकमेकींकडे पाठ करून. बोलायचं नाही, डोकवायचं नाही. मग ती तिघींचे तक्ते शेजारी ठेवून बघायची, की शंभरात किती नोंदी जुळतात. ऐंशी जुळल्या तर काम खरं, नाहीतर सगळं केराच्या टोपलीत. ओर्वोक्की आणि पीयाचं एकमेकींशी पंच्याऐंशी जुळायचं. हिल्काचं त्यांच्याशी अठ्ठावन्न.

"हिल्का, ह्यांनी चौतीस मारामाऱ्या लिहिल्यात आणि तू एकसष्ट," मार्युत म्हणाली. "ही बघ, रात्री आठ वाजून चौदा मिनिटांची. ह्यात काय आहे?"

तिनं कॅसेट मागे नेली. एक घरगुती मालिका. नवरा कामावरून येतो, कोट अडकवतो, टेबलावर दोन कप बघतो. बायकोला विचारतो, कोण आलं होतं? ती हसून म्हणते, कुणी नाही. तो एक कप उचलतो आणि अलगद मोरीत ठेवतो. बस. पुढे जाहिरात.

"कुठं मारलं त्यानं?"

"मारणार आहे."

"पण मारलं का?"

"तिची कोपरं बघ," हिल्का म्हणाली. "पोटाशी घेतलीत."

मार्युतनं पुन्हा बघितलं. तिला एक हसणारी बाई दिसली. ओर्वोक्की कोपऱ्यातून ओरडली, "आमची हिल्का भविष्य सांगते! मला लॉटरीचा आकडा सांग गं बये!" पीया खुदकन हसली. हिल्काही हसली, कारण हसलं की विषय संपतो हे तिला ठाऊक होतं.

मला इथं राग आवरत नाही. हिंसेचा अभ्यास करणारी एवढी शिकलीसवरलेली माणसं, आणि त्यांना ती दिसायला मूठच लागायची. दिव्याखाली अंधार म्हणतात तो हा. पण मार्युत वाईट नव्हती. तिच्याही डोक्यावर प्राध्यापक बसले होते, आणि त्यांना आकडा हवा होता. तिनं हिल्काला बाजूला घेऊन खरं काय ते सांगितलं.

"मे महिन्याअखेर तुझं ऐंशीच्या वर गेलं नाही, तर मला तुझे सगळे तक्ते काढून टाकावे लागतील. आणि रोजगार कचेरीला कळवावं लागेल."

म्हणजे घर. म्हणजे सकाळपासून संध्याकाळपर्यंत काउको आणि मोजलेले बटाटे. ह्या खोलीत सात तास माणसं मरत होती, जळत होती, पण तिला कुणी हात लावत नव्हतं. अकरा वर्षांत एवढी सुखाची जागा तिला मिळाली नव्हती.

तेव्हा ती शिकायला लागली. जे तिला दिसायचं ते न बघायला. पडद्यावर एखादा माणूस दार लावून कडी सावकाश सरकवायचा आणि हिल्काचा हात तक्त्याकडे जायचा. ती पेन्सिल दाताखाली धरायची. फटका नाही, नोंद नाही. बाप पोराला "इकडे ये" म्हणायचा आणि पोर दोन पावलं मागे जायचं. फटका नाही, नोंद नाही. बातम्यांत सैनिक म्हाताऱ्याच्या खांद्यावर हात ठेवून त्याला भिंतीमागे न्यायचा, चित्र तुटायचं, हवामान सुरू व्हायचं. फटका नाही. पेन्सिलीवर तिच्या दातांच्या खाचा पडल्या. एप्रिलमध्ये सत्तर झालं. मग एकोणऐंशी. मेच्या तिसऱ्या आठवड्यात गुरुवारीच चाचणी घेतली, कारण शुक्रवारी सगळ्यांना तळ्याकाठच्या सौनात जायचं होतं, काम निम्मं संपल्याबद्दल. हिल्काचं चौऱ्याऐंशी आलं.

"चौऱ्याऐंशी!" मार्युतनं तिला मिठीच मारली. हिल्का कळ दाबून उभी राहिली. ओर्वोक्कीनं वेलचीचे पाव आणले. "आता तू आमच्यासारखी आंधळी झालीस बघ," ती म्हणाली आणि स्वतःच खदाखदा हसली.

हिल्का त्या संध्याकाळी पायीच घरी गेली. बर्चच्या झाडांना पालवी आली होती. तिला आनंद झाला होता, आणि आनंद झालेलं माणूस बोलतं. जेवताना ती काउकोला सांगत सुटली. चौऱ्याऐंशी कसं आलं, मार्युत काय म्हणाली, पाव किती मऊ होते.

"पाव खाल्लेस," काउको म्हणाला. "म्हणून बटाटे उरले."

"उरू देत, उद्या परतते," हिल्का म्हणाली.

त्यानं चष्मा काढला. पुसला. डबीत ठेवला. टक्.

ते तिला ऐकू आलं. चांगलं ऐकू आलं. आणि तिच्या मनानं, तीन महिने घटवून घेतलेल्या मनानं, आपसूक म्हटलं, फटका नाही, नोंद नाही. ती पीयाच्या हिरव्या केसांविषयी सांगत राहिली. भिंतीकडे सरकली नाही. कोपरं टेबलावरच होती. पहिला वेठ मानेखाली बसला तेव्हा तिच्या तोंडात घास होता. ती खुर्चीसकट पडली, आणि पडलेल्या बाईच्या उघड्या कुशीत त्यानं टाच घातली, एकदा, दोनदा. आत काहीतरी काटकीसारखं मोडल्याचा आवाज तिला स्वतःला आला. तिसऱ्यांदा तो थांबला, तो बहुधा त्या आवाजानंच. मग त्यानं तिच्या तोंडातला बटाटा बोटानं काढला, गुदमरेल म्हणून, आणि टॉवेल वाळत घातला.

रात्रभर तिला कुशीवर वळता येईना. श्वास अर्धाच आत जायचा. पण रडू आलं नाही. राग आला. अकरा वर्षांत पहिल्यांदा, आणि काउकोवर तर आलाच, पण त्या चौऱ्याऐंशीवरही आला. ह्यांच्यासारखं बघायला शिकले आणि हाड मोडून घेतलं, ती मनाशी म्हणाली. ज्याचं जळतं त्याला कळतं, ही म्हण ज्यानं काढली त्याला हेही ठाऊक असणार की ज्याचं जळत नाही तो जुळणी मागतो.

शुक्रवारी ती कामावर गेली. चार वाजता तिनं ऑफिसातून घरी फोन केला. "आज सगळ्यांबरोबर सौना आहे. प्युहायार्वी तळ्याच्या काठी, विद्यापीठाच्या सौनात. साडेसातला येते."

"बरं," काउको म्हणाला. एवढंच. तो "बरं" कसा आहे ते तिला कळलं. आज तिनं तो मनात मोजला.

"आज रक्तदाब-बिक्तदाब चालायचा नाही हं," ओर्वोक्कीनं दम दिला.

"नाही सांगत," हिल्का म्हणाली. "येते."

लाकडी खोलीत बाकीच्या तिघी आधीच वरच्या फळीवर बसल्या होत्या, घामानं निथळत. ओर्वोक्की आपल्या पोटाच्या वळ्यांवर विनोद करत होती. दार उघडलं आणि हिल्का आत आली. टॉवेल तिनं बाहेरच ठेवला होता. तिनं दार लावलं, आणि बसायच्या आधी उजेडाकडे पाठ करून उभी राहिली. मग सावकाश वळली.

ओर्वोक्कीचा विनोद अर्ध्यावर राहिला. पाठीवर जुने पिवळे पट्टे, त्यांवर जांभळे, त्यांवर लाल. उजव्या कुशीत टाचेचा आकार स्पष्ट उमटलेला, काळानिळा, आणि श्वास घेताना तिथं कातडी आत ओढली जात होती.

"हे मंगळवारचं," हिल्का बोलली. तक्ता वाचावा तशी. "साधन ओला टॉवेल. रक्त नाही. हे मेच्या पहिल्या तारखेचं, तेच साधन. हे काल संध्याकाळी सव्वासहाचं, साधन टाच. रक्त नाही." तिला दम लागला. ती खालच्या फळीवर बसली. "त्याच्या चष्म्याची डबी आहे. ती वाजली की सुरू होतं. मला रोज तिथं खूण करायची होती, मार्युत. तू म्हणालीस, मारलं का."

वाफेसाठी तापवलेल्या दगडांवर कुणी पाणी टाकलं नाही. पीया रडायला लागली, तोंड उघडं टाकून, लहान मुलासारखी. मार्युत खाली उतरून हिल्कापाशी बसली, पण तिला हात कुठे लावावा ते कळेना, कारण लावायला जागा नव्हती.

"मी तुला भविष्यवाली म्हटलं," ओर्वोक्की म्हणाली. "जळो माझं तोंड." मग ती म्हणाली, "आज तू माझ्याकडे राहायचंस. त्याचा फोन आला तर माझ्याशी गाठ आहे. बत्तीस वर्षं लोकांना जोडून दिलं, ह्याला नाही जोडणार."

कपडे घालून चौघी धक्क्यावर आल्या तेव्हा लख्ख उजेड होता. मेमधल्या संध्याकाळला आमच्याकडे अंधार ठाऊक नसतो. काठावर गाडी उभी होती आणि गाडीपाशी काउको, इस्त्रीचा सदरा घालून. तो साडेसातच्या आधीच आला होता.

"नमस्कार," तो सगळ्यांना म्हणाला. "चल हिल्का. बटाटे गार होतील."

"ती येत नाहीये," ओर्वोक्की म्हणाली.

काउको हसला, समजूतदारपणे. चार पावलं पुढे आला. मग त्यानं चष्मा काढला, सदऱ्याच्या टोकानं पुसला, खिशातून डबी काढली, चष्मा आत ठेवला आणि डबी मिटली.

टक्.

तिघी एकदम हलल्या. पीया किंचाळून हिल्कासमोर आडवी आली. मार्युतनं हिल्काला मागे ओढलं. आणि ओर्वोक्कीनं सौनाच्या चौकीदाराला परत द्यायला हातात घेतलेल्या तांब्याच्या पळ्यानं, सौनात दगडांवर पाणी टाकायच्या जाड दांड्याच्या पळ्यानं, त्याच्या मनगटावर असा रट्टा हाणला की हाड वाजलं आणि डबी फळ्यांवरून उसळून तळ्यात गेली. त्याचा हात अजून वर उठलेलाही नव्हता. काउको गुडघ्यावर बसला, तोंडातून आवाज न काढता. मग त्यानं दुसऱ्या हातानं पीयाचे केस धरून तिला बाजूला फेकलं आणि हिल्काकडे झेपावला, तसा ओर्वोक्कीनं दुसरा रट्टा खांद्यावर घातला. तो पालथा पडला. ती त्याच्या पाठीवर बसली, सगळ्या वळ्यांनिशी, आणि म्हणाली, "आता बोल, बटाटे किती आहेत."

मार्युत चौकीदाराकडे पळाली आणि तिनं पोलिसांना फोन केला. पोलीस तरुण होता, वहीत नीट अक्षरात लिहिणारा. काउकोनं त्याला सुजलेलं मनगट दाखवलं. "मी बायकोला न्यायला आलो होतो. हात उचलला असेल तर ह्यांनी सांगावं. सुरुवात ह्या बाईनं केली."

पोलिसानं एकेकीला धक्क्याच्या टोकाला वेगळं नेऊन विचारलं, की सुरुवात कधी झाली. ओर्वोक्की म्हणाली, सात वाजून अठरा मिनिटांनी, त्यानं डबी मिटली तेव्हा. पीया म्हणाली, सात अठरा, डबी मिटली तेव्हा. मार्युतनंही सवयीनं घड्याळ बघितलं होतं. सात अठरा, डबी. तिघींनी एकमेकींकडे बघितलंही नव्हतं.

पोलिसानं डोकं खाजवलं. "डबी मिटणं हा काही गुन्हा नाही. आणि आधीचं घरातलं असेल, तर कायद्यानं जिला मारलं तिनंच तक्रार द्यावी लागते. दुसऱ्या कुणी देऊन चालत नाही." तो हिल्काकडे वळला. "तुम्ही सांगा. सुरुवात कधी झाली?"

काउको पायरीवर बसून तिच्याकडे बघत होता. चष्म्याशिवाय त्याचे डोळे अगदी बारीक दिसत होते. हिल्कानं अर्धा श्वास घेतला, तेवढाच आत जात होता.

"अकरा वर्षांपूर्वी," ती म्हणाली. "माझ्या आईला पुरून आम्ही घरी आलो, त्या संध्याकाळी. मी रडत होते, त्यात बटाटे करपले."

पोलिसानं वहीतल्या वरच्या ओळी पुन्हा वाचल्या. "ह्या तिघी सात अठरा म्हणतात. तुमचं जुळत नाही."

"हिचं लिहा," मार्युत म्हणाली. "हिला आमच्या आधी दिसतं."

पोलिसानं पान उलटलं आणि नव्या पानावर हिल्काचं नाव लिहिलं.